दिवा पुसला तरी परत लागतो: जुन्या प्रियसची हायब्रिड बॅटरी आता बदलायचीच का?

लक्षण असं. डॅशबोर्डवर त्रिकोण, 'चेक हायब्रिड सिस्टिम' आणि सोबत चेक इंजिनचा पिवळा दिवा. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचला की पी०ए८०. कोड क्लिअर केला की गाडी गुणी बाळासारखी चालते. चार दिवसांनी परत तेच.

गाडी २०१० ची, म्हणजे तिसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस. १ लाख ६८ हजार मैल झालेत, आपल्या हिशोबात २ लाख ७० हजार किलोमीटर. बॅटरी मूळचीच, कधी उघडलेलीही नाही. मुक्काम कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. डिसेंबरात आम्ही सात आठवडे पुण्याला गेलो, गाडी ड्राइव्हवेवर तशीच उभी. परत आलो तर किल्लीने दारसुद्धा उघडेना. शेजाऱ्यांच्या बॅटरीवरून जंप घेऊन सुरू केली आणि डॅशबोर्डवर दिवाळी. घाबरून सर्व्हिस सेंटरला नेली. वीस मिनिटांत कागद हातात पडला: हायब्रिड बॅटरी बदला, ४,१०० डॉलर. गाडी विकायला काढली तर पाच हजार येतील की नाही याची शंका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नवरा म्हणाला, "भंगारात दे आणि दुसरी बघ." मी म्हटलं, थांब, आधी नक्की काय झालंय ते तरी कळू दे.

त्या कागदावर खोटं काहीच नव्हतं. पी०ए८० या कोडचं अधिकृत नावच मुळी 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला' असं आहे. कोड वाचून तेच वाक्य छापून दिलं की झालं. पण गाडीच्या कॉम्प्युटरला बॅटरी म्हातारी झाल्याचं कळत नसतं, त्याला फक्त फरक कळतो. बॅटरीच्या तुकड्या-तुकड्यांचे व्होल्टेज तो सतत एकमेकांशी ताडून बघतो आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की दिवा लावतो. फरक का पडला, हे शोधायचं काम आपलं.

आणि कोड पी०ए८०च आहे ना, हे आधी बघा. त्याच त्रिकोणाखाली पी०एए६ असू शकतो. तो म्हणजे हाय व्होल्टेजची गळती. ती बॅटरीत असेल, एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये असेल, नाहीतर ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये, म्हणजे गिअरबॉक्स आणि मोटर एकत्र असलेल्या भागात. किंवा पी०ए९३ असेल, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरचं कूलिंग. तिथे बऱ्याचदा छोटा पंप बदलून काम भागतं. या दोन कोडांवर कुणी डोळे झाकून बॅटरी बदलली, तर दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.

आधी बारा व्होल्टची बॅटरी

हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. मोठी गाडी ओढते. लहान, बारा व्होल्टची, डिकीत उजव्या कोपऱ्यात बसून कॉम्प्युटर आणि कुलपं सांभाळते. प्रियसला अल्टरनेटर नाही. मोठीतून डीसी-डीसी कन्व्हर्टरमार्फत लहानीला चार्जिंग मिळतं, तेही गाडी 'रेडी'मध्ये, म्हणजे चालू करून निघायला तयार असेल तरच. सात आठवडे उभ्या गाडीत लहान बॅटरी मरणारच.

बॉनेटखाली फ्यूजबॉक्समध्ये लाल झाकणाचं जंपचं टोक आहे, तिथे मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत साडेबाराच्या आसपास हवं. बाराच्या खाली असेल तर तिचे दिवस भरलेत. 'रेडी' केल्यावर चौदाच्या आसपास चढलं पाहिजे. आमचं सकाळचं माप आलं ११.६. बॅटरी सहा वर्षांची होती, बदलून टाकली. डॅशबोर्डवरची दिवाळी गेली. कोडांची जी लांबलचक यादी होती, त्यातले बहुतेक त्या दुबळ्या व्होल्टेजमुळेच आले होते.

पी०ए८० मात्र चार दिवसांनी परत आला. बारा व्होल्टमुळे हा कोड सहसा येत नाही, त्यामुळे आश्चर्य नव्हतं. पण ही पायरी गाळू नका. भलतेच कोड सोबत असले की पुढचं काहीच नीट वाचता येत नाही.

मग पंखा

मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे आहे आणि ती थंड ठेवायला एक पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. त्याची जाळी मागच्या सीटच्या उजव्या अंगाला, दाराजवळ. आता आमच्या मागच्या सीटवर काय असतं ते सांगते. इंडियन स्टोअरमधून आणलेली वीस-वीस पौंडांची कणकेची पोती, मुलाची जाकिटं, आणि आई-बाबा आले की त्यांच्या शाली. हे सगळं नेमकं त्या जाळीला टेकून. तेरा वर्षं.

जाळी सहज निघते, पण नुसती पुसून उपयोग नाही. आत पंख्याच्या चक्राच्या पात्यांवर खरा थर असतो. आमचा पंखा काढला तर पात्यांमध्ये जुन्या गोधडीतून निघावा तसा राखाडी कापूस दाबून बसला होता, हाताने ओढून काढला. घरात कुत्रं-मांजर असेल तर यापेक्षा वाईट. तिथपर्यंत जाताना ट्रिम काढावी लागते आणि हाय व्होल्टेजची पेटी शेजारीच असते. सवय नसेल तर हे काम गॅरेजकडूनच करून घ्या.

पंखा साफ केल्यावर दिवा तीन आठवडे लागला नाही. मला वाटलं जिंकले. आतापर्यंतचा खर्च नवीन लहान बॅटरी आणि तासाभराची मजुरी. एवढ्यावर सुटणारे लोक खरंच असतात. पण ही मोठी बॅटरी निकेल मेटल हायड्राइडची, आणि तिचं वैर उष्णतेशी. गुदमरलेल्या पंख्यामुळे जे नुकसान आधीच झालंय ते पंखा पुसून भरून येत नाही. बावीसाव्या दिवशी सकाळी शाळेच्या रांगेत त्रिकोण हजर.

इथून मी एक काम सुरू केलं, आणि शेवटी त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. ग्लव्हबॉक्समध्ये वही. दिवा लागला की तारीख, मैल, बाहेरचं तापमान, सपाट रस्ता की चढ, एसी चालू की बंद. मग कोड क्लिअर. पुढचा दिवा नऊ दिवसांनी. त्याच्या पुढचा दोन दिवसांनी.

ब्लॉक मोजणं

बॅटरीची रचना थोडी समजून घ्यावी लागेल, त्याशिवाय आकडे बोलत नाहीत. आत २८ मॉड्यूल, प्रत्येकात सहा सेल, म्हणजे १६८ सेल. एका सेलचे १.२ व्होल्ट, एकूण २०१.६. दोन-दोन मॉड्यूलचा एक ब्लॉक धरून कॉम्प्युटर १४ ब्लॉकांवर नजर ठेवतो. सगळे सेल एकामागोमाग एकाच रांगेत जोडलेले. दिवाळीच्या जुन्या लायटिंगच्या माळा आठवा, एक बल्ब गेला की पूर्ण माळ अंधारात. इथे अंधार लगेच होत नाही, पण सगळ्यात कमजोर सेल जेवढं देईल तेवढ्यावरच बाकीच्यांना थांबावं लागतं.

तीसेक डॉलरचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारा तुकडा आणला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला आणि फोनवर डॉ. प्रियस नावाचं अ‍ॅप घेतलं. चौदाही ब्लॉक एकाच वेळी दिसतात. बॅटरीचं किती आयुष्य उरलंय याची टक्केवारीही ते अ‍ॅप देतं, पण मी त्यापेक्षा कच्च्या व्होल्टेजवर विश्वास ठेवते. नवऱ्याला चालवायला बसवलं, मी शेजारी फोन घेऊन. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, ही अट.

गाडी उभी असताना सगळं छान. तेरा ब्लॉक १५.९ च्या आसपास, सातवा १५.७. इतक्या फरकावर कुणी बोट ठेवणार नाही, आणि नेमकं इथेच फसायला होतं. उभ्या गाडीत मोजून 'बॅटरी ओके' सांगणारे पुष्कळ भेटतात.

मग लिव्हरमोरच्या देवळात जाऊन आलो आणि मुद्दाम पुढे अल्टामाँटचा चढ घेतला. चढावर पाय दाबल्यावर बाकीचे ब्लॉक १४.२ वर, सातवा १२.६ वर. उतारावर ब्रेक मारताना बॅटरी चार्ज होते, तेव्हा बाकीचे १७.२ आणि सातवा एकदम १८.१. द्यायच्या वेळी सगळ्यात खाली आणि घ्यायच्या वेळी सगळ्यात वर. घागरीची जागा तांब्याने घेतली की असंच होतं. लवकर रिकामा आणि लवकर उतू. क्षमता गेलेल्या ब्लॉकची हीच खूण.

याशिवाय आणखी दोन नमुने दिसू शकतात. एखादा ब्लॉक उभ्या गाडीत, चढावर, उतारावर, सगळीकडे साधारण सव्वा व्होल्टने कमीच राहत असेल, तर त्यातला एक सेल पूर्ण मेलाय. आणि शेजारशेजारच्या दोन ब्लॉकांपैकी एक विनाकारण वर आणि दुसरा तेवढाच खाली दिसत असेल, तर बहुधा त्यांच्या मधली मोजमापाची जोडणी खराब आहे. सेल बरे आहेत. मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर कालांतराने हिरवट कळंक चढतो, पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की चढतो तोच. पट्ट्या आणि त्या बारीक वायरी साफ केल्या की काम होतं. चार हजार वाचतात. म्हणून मोजल्याशिवाय हो म्हणू नका.

बाकीचे तेरा ब्लॉकही नीट बघा. आमच्याकडे सातव्याखालोखाल सहावा आणि आठवा ढेपाळत होते. हे तिघे पॅकच्या मध्यावर येतात, तिथे सगळ्यात जास्त गरम होतं. म्हणजे एक सेल अपघाताने गेला असं नव्हतं. मधून सुरू झालेलं म्हातारपण कडेकडे सरकत होतं.

बॅटरीचे बार खाली-वर होण्यावरून मात्र घाबरू नका. लांब चढावर धडधाकट बॅटरीसुद्धा दोन बारांवर येते. एरवीही कॉम्प्युटर तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवतो. काळजी करायची ती सपाट रस्त्यावर, दोन-तीन मिनिटांत सहाचे दोन आणि पुन्हा दोनाचे सात होत असतील तर. आणि सिग्नलला उभं असताना इंजिन पुन्हा पुन्हा सुरू होत असेल किंवा मागचा पंखा हेअर ड्रायरसारखा ओरडत असेल तर.

एकच मॉड्यूल बदलून भागेल का?

भागतं, काही आठवडे. गॅरेजवाले दोनशे-तीनशे डॉलरमध्ये सातव्या ब्लॉकमधलं मॉड्यूल काढून जुन्या गाडीतलं दुसरं घालून देतात. अडचण अशी की नव्या पाहुण्याची क्षमता बाकी सत्तावीस जणांशी जुळत नाही. फरक मुळात तिथेच होता, आता तो दुसऱ्या बाजूने आला. शिवाय सहावा आणि आठवा रांगेत उभेच. एक झाकावं तर दुसरं उघडं. गाडी दोन-तीन महिन्यांत काढायचीच असेल तरच हा मार्ग, आणि काढताना घेणाऱ्याला खरं सांगायचं.

स्वतः पेटी उघडायचे व्हिडिओ भरपूर आहेत. मी उघडली नाही. दोनशे व्होल्ट डीसी, बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कॅपॅसिटर रिकामे व्हायला थांबावं लागतं, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे लागतात. तीनशे डॉलर वाचवायला ही जागा नव्हे.

दुसरा पर्याय 'रिफर्बिश्ड' पॅक, हजार ते पंधराशे. शब्द भारदस्त आहे. बऱ्याच वेळा अर्थ एवढाच की चार-पाच मेलेल्या गाड्यांतली त्यातल्या त्यात बरी मॉड्यूल निवडून एकत्र बसवली. वॉरंटी वर्षा-दोन वर्षांची असते आणि बिघडला तर दुसरा आणून देतात, पण प्रत्येक वेळी तुमचा एक दिवस आणि रस्त्यात बंद पडण्याची पाळी तुमचीच. तिसरा पर्याय नवीन पॅक. मला बसवून मिळून २,६०० पासून ४,१०० पर्यंत भाव सांगितले गेले. फोन करताना जुन्या पॅकच्या अनामतीचं विचारा. ती हजारावर असते, जुना पॅक परत दिला की मिळते. काही जण भावात धरून सांगतात, काही वेगळी, त्यामुळे दोन भावांची तुलनाच चुकते.

आणि वॉरंटीचा कागद काढून बघा. अमेरिकेत या पिढीच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख मैल, पण कॅलिफोर्नियासारख्या कडक नियमांच्या राज्यांत १० वर्षं किंवा १ लाख ५० हजार मैल. टोयोटाने २०२० च्या मॉडेलपासून हे दहा वर्षांचं सगळीकडे केलं. आमची मुदत केव्हाच उलटली होती. पण ज्यांची गाडी नवव्या वर्षात आहे त्यांनी पंखा पुसत बसू नका, दिवा लागलेला असतानाच सर्व्हिस सेंटर गाठा. कोड क्लिअर करून जाऊ नका.

पैसे भरायच्या आधी इंजिन

बॅटरीच्या नादात हे राहतं. या पिढीच्या इंजिनांत वय झालं की ईजीआरची, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात नेणारी वाट काजळीने तुंबते आणि पुढे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जायची भीती असते. सकाळी थंड गाडी सुरू करताना पहिले दहा-पंधरा सेकंद ती पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी थरथरते का? कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारा, महिन्याभरात पातळी उतरली का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर तीन हजारांची बॅटरी घालू नका. वर तेवढाच किंवा त्याहून मोठा खर्च उभा आहे. तेव्हा नवऱ्याचा सल्ला बरोबर ठरतो. आमची रेघ जागच्या जागी राहिली.

मायलेजच्या आशेने बदलू नका, एवढं मी गणित करून सांगते. आमचं गॅलनला ४८ मैलांवरून ४१ वर आलं होतं. नव्या बॅटरीने ४६ धरा. वर्षाला दहा हजार मैल चालवलं तर २४४ ऐवजी २१७ गॅलन. वाचले २७ गॅलन, पाच डॉलरच्या भावाने १३५ डॉलर. वीसेक वर्षं चालवली तर बॅटरीचे पैसे निघतील.

मग बदलली कशासाठी? प्रियसला इंजिन सुरू करायला वेगळी स्टार्टर मोटर नसते. मोठ्या बॅटरीच्या जोरावर आतली मोटर-जनरेटरच इंजिन फिरवते. त्यामुळे ही बॅटरी पूर्ण बसली की टाकी पेट्रोलने भरलेली असली तरी गाडी जागची हलत नाही. दिवा लागल्यावरही काही जण महिनोन् महिने चालवतात, पण ती वही बघा: बावीस दिवस, नऊ दिवस, दोन दिवस. पुढचा आकडा कुठल्यातरी फ्रीवेवर आला असता. त्यात ऑक्टोबरात स्मॉग चेक, म्हणजे इथली धुराची सक्तीची तपासणी. चेक इंजिनचा दिवा असेल तर नापास. आदल्या दिवशी क्लिअर करून न्यावा तर कॉम्प्युटर चालत्या गाडीत स्वतः करतो त्या तपासण्या अपुऱ्या दिसतात आणि तरीही नापास. जुनी हायब्रिड विकत घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: डोंगल लावून तपासण्या पूर्ण झाल्यात का ते बघा. नसतील तर विकणाऱ्याने आज सकाळीच दिवा पुसलाय असं धरून चाला.

मुलगा तीन वर्षांनी गाडी शिकेल, तोवर ही ठेवायची असं आमचं ठरलेलंच होतं. तीन वर्षं, इंजिन ठीक, तीन ब्लॉक खचलेले. नवीन पॅक, २,९०० डॉलर. ठेवायचं सहा महिनेच असतं तर रिफर्बिश्ड घेतला असता आणि वाईटही वाटलं नसतं. बसवल्यावर तोच अल्टामाँट पुन्हा चढलो. चौदाही ब्लॉक ०.२ व्होल्टच्या आत.

हे ऐकून पुण्याहून बहिणीच्या यजमानांचा फोन. त्यांनी मागच्या वर्षी इनोव्हा हायक्रॉस घेतली आहे. "ताई, आम्हालाही हे भोगायचंय का?" म्हटलं, भावोजी, तुमच्याही गाडीत निकेल मेटल हायड्राइडच आहे, तेच १६८ सेल आणि तेच २०१.६ व्होल्ट. पण भारतात ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, तोपर्यंत निवांत राहा. फक्त बॅटरीच्या हवेची जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये शोधा आणि गावाहून येताना तांदळाचं पोतं तिच्यासमोर टाकू नका. पुण्याची धूळ आणि मे महिना, दोन्ही तिला पुरेसे आहेत. हायरायडर किंवा ग्रँड विटाराची हायब्रिड असेल त्यांची बॅटरी लिथियमची आहे. तिथे माझे वरचे व्होल्टेजचे आकडे लावू नका, जाळीचं तेवढं लावा.

या डिसेंबरात परत सहा आठवडे जायचंय. शेजारच्या काकांना किल्ली दिली आहे: दर दोन आठवड्यांनी ब्रेक दाबून बटण दाबा, अर्धा तास 'रेडी'मध्ये ठेवा, जमलं तर एक चक्कर मारून आणा. परवा रंगीत तालीम घेतली. पाच मिनिटांत काका दारात. "अगं, तुझी गाडी परत गेली वाटतं. बटण दाबलं, दिवा लागला, पण आवाजच नाही." त्यांना म्हटलं, काका, जाऊन तसेच बसून राहा, हिरवं 'रेडी' दिसतंय ना, तिला वाटेल तेव्हा ती आपण होऊन सुरू होईल.